रक्तसाक्षी कशाची साक्ष देतात?

खोट्यासाठी कोणी जीव देत नाही, हे वाक्य प्रवचनांत, धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या पुस्तकांत इतक्या वेळा येते की तो एक युक्तिवाद आहे हेच विसरायला होते. त्याची मांडणी अशी: येशू मेलेल्यांतून उठला आणि आम्ही त्याला पाहिले, असे शिष्यांनी सांगितले. त्या सांगण्यापायी त्यांनी फटके खाल्ले, तुरुंग भोगला, शेवटी जीव गमावला. ‘आम्ही बनाव रचला होता’ असे म्हणून एकानेही सुटका करून घेतली नाही. तेव्हा त्यांचे सांगणे खरे असले पाहिजे.

यावर विरोधकांचे उत्तर ठरलेले असते. माणसे चुकीच्या गोष्टींसाठीही मरतात. आत्मघातकी हल्लेखोरही मरतो, म्हणून त्याचे म्हणणे खरे मानायचे का? हे उत्तर टाळ्या मिळवते, पण नेमक्या जागी लागत नाही. हल्लेखोर ऐकीव श्रद्धेसाठी मरतो. शिष्यांविषयीचा दावा निराळा आहे: ज्या गोष्टीचा खरेखोटेपणा त्यांना स्वतःला ठाऊक होता तिच्यासाठी ते मेले. बनाव असता तर तो बनाव आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडमधल्या विल्यम पेलीने १७९४ साली ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवर ग्रंथ लिहिला, त्याचा पहिला आधारस्तंभ हाच आहे. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी पास्कलनेही या अर्थाचे टिपण करून ठेवले होते.

हा युक्तिवाद उभा राहायचा तर एकाच माणसात तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. त्याने स्वतः पाहिलेले असावे. तो त्या सांगण्यासाठीच मारला गेलेला असावा. आणि शब्द फिरवला असता तर तो वाचला असता. गेल्या अडीचशे वर्षांतला वाद वरवर धर्मश्रद्धेचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो या तीन अटींची कागदपत्रे तपासण्याचा आहे.

ज्या काळात ख्रिस्ती माणसे प्रत्यक्ष मरत होती, त्या दुसऱ्या शतकातले त्यांचे वकील मात्र मुख्यतः वेगळेच काही सांगत होते. त्यांतला जस्टिन हा आधी प्लेटोच्या विचारांचा अभ्यासक. ख्रिस्ती लोक मुले खातात, अंधारात व्यभिचार करतात अशा कंड्या तेव्हा पिकल्या होत्या. ही माणसे मरणाला भीत नाहीत हे जस्टिनने पाहिले आणि स्वतःशी म्हटले, जो भोगी आहे तो मरणाचे स्वागत कशाला करेल? हा युक्तिवाद चारित्र्याचा झाला. पुनरुत्थान घडले की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. जस्टिन स्वतः इ. स. १६५ च्या सुमारास रोममध्ये मारला गेला. शिक्षा सुनावणारा रुस्टिकस हा सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू, म्हणजे एका तत्त्वज्ञाने दुसऱ्याला मृत्युदंड दिला. टर्टुलियनने १९७ च्या सुमारास लिहिले ते तर सरळ मानसशास्त्र आहे: आमची माणसे जितकी कापाल तितके आम्ही वाढू, कारण पाहणाऱ्याला कुतूहल वाटते आणि तो चौकशी करू लागतो.

पेलीचा युक्तिवाद त्याच्या खऱ्या रूपात भेटतो तो नंतर. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने धर्माचा टीकाकार सेल्सस याला दिलेल्या उत्तरात तो येतो. चौथ्या शतकाच्या आरंभी चर्चचा इतिहासकार युसेबियस तर शिष्यांच्या तोंडी एक उपरोधिक भाषणच घालतो: चला, सगळे मिळून खोटे बोलू या, त्यातून आपल्याला काही मिळणार नाही, उलट फटके आणि सुळी मिळेल, तरी शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहू या. धर्मशास्त्राच्या पुस्तकात इतकी चांगली थट्टा क्वचित सापडते.

तेच मरण पाहणाऱ्या इतरांनी मात्र निराळे निष्कर्ष काढले. बिथुनियाचा प्रांताधिकारी प्लिनी याला त्यात हट्ट दिसला, आणि तेवढा हट्टच शिक्षेला पुरेसा वाटला. एपिक्टेटस या तत्त्वज्ञाला ती नुसती सवय वाटली. मार्कस ऑरेलियसच्या टिपणांत ख्रिस्ती माणसांच्या मरणाला विचारशून्य अडेलपणा म्हटले आहे. तो उल्लेख मागाहून घुसडलेला असावा असेही काही अभ्यासक मानतात. उपहासकार लूसियनने तर पेरेग्रिनस या भटक्या तत्त्वज्ञाची यथेच्छ टर उडवली. हा गृहस्थ काही काळ ख्रिस्ती मंडळीत राहिला, तुरुंगात तिच्याकडून सेवा करून घेतली, पुढे तिथून बाहेर पडला आणि १६५ साली ऑलिम्पियाच्या जत्रेत सर्वांसमक्ष चितेत उडी घेऊन मेला. मरण स्वखुशीचे, सार्वजनिक, निर्भय. आणि तरी लूसियनच्या लेखी ती प्रसिद्धीची हाव.

आता पहिल्या अटीकडे, म्हणजे ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे. यहूदा इस्कर्योत सोडला तर बारा प्रेषितांपैकी एकाच्याच मृत्यूची नोंद नव्या करारात आहे. तो जब्दीचा मुलगा याकोब. प्रेषितांच्या कृत्यांत बाराव्या अध्यायात एका वाक्यात सांगितले आहे की हेरोद राजाने त्याला तरवारीने मारले. हा हेरोद अग्रिप्पा इ. स. ४४ मध्ये वारला, तेव्हा घटना त्याआधीची. आरोप काय होता, माघारीची संधी दिली होती का, यावर अक्षर नाही. स्तेफनाची कथा त्याच पुस्तकात सविस्तर येते, पण तो जमावाच्या दगडांनी मरतो, आणि पुनरुत्थानानंतर येशू ज्यांना दिसला त्यांच्यात त्याचे नाव नाही. मरताना त्याला स्वर्गात येशू दिसतो, ती गोष्ट वेगळी.

पेत्र आणि पौल यांच्याविषयी सर्वांत जुना बाहेरचा उल्लेख रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. ते क्लेमेंटच्या नावावर चालते आणि साधारण इ. स. ९६ चे मानले जाते. मत्सर आणि हेवा यांपायी दोघांनी छळ सोसला आणि ते गौरवाच्या ठिकाणी गेले, एवढेच त्यात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्राच्या मरणाची सूचना आहे. दोघे मारले गेले यावर फारसा कोणी वाद घालत नाही. पण पेत्राला उलटे सुळावर चढवले, पौलाचे डोके उडवले हे जे आपण चित्रांत पाहतो ते दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ‘पेत्राची कृत्ये’ आणि ‘पौलाची कृत्ये’ या अद्भुतकथांतून आलेले आहे.

या अद्भुतकथा वाचताना एक गोष्ट ठळक जाणवते, आणि ती युक्तिवाद करणाऱ्यांच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. ‘पेत्राची कृत्ये’मध्ये पेत्राला का मारतात? त्याचे प्रवचन ऐकून रोमच्या अधिकारी अग्रिप्पाच्या रखेल्या ब्रह्मचर्य धरतात आणि त्याच्याकडे जाईनाशा होतात. आल्बिनस नावाच्या बड्या माणसाची बायकोही नवऱ्याला दूर सारते. चिडलेले पुरुष एकत्र येऊन पेत्राचा काटा काढतात. थोमाचेही तेच. तिसऱ्या शतकाच्या आरंभी सिरियाच्या एडेसा भागात रचलेल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात तो हिंदुस्थानात येतो, मज्दाई राजाच्या नातलगाची बायको मिग्दोनिया संसार सोडते, मग राणी तेर्तियाही तेच करते, आणि राजा त्याला भाल्यांनी मारवतो. म्हणजे आख्यायिका जशीच्या तशी खरी मानली, तरी ही मरणे पुनरुत्थानाच्या साक्षीसाठी झालेली नाहीत. ती घरातून उठलेल्या वैराग्याच्या भांडणापायी झाली आहेत. दुसरी अट आख्यायिकाच मोडून टाकते.

थोमाविषयी आपल्याकडे जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. त्या ग्रंथातला गुंदफर राजा काल्पनिक नाही. वायव्येकडे गोंडोफारेस नावाची नाणी सापडली आणि पहिल्या शतकातला हा राजा इतिहासात आला. पण कथेतल्या राजाचे नाव खरे निघाले म्हणून कथा खरी ठरत नाही, नाहीतर ऐतिहासिक कादंबऱ्यांचे काय करायचे? केरळच्या ख्रिस्ती परंपरेत थोमाचा मृत्यू मैलापूरला होतो आणि मारणारे ब्राह्मण आहेत. एडेसाच्या ग्रंथात ते राजाचे शिपाई आहेत. बर्थलमयाचा धागा तर थेट कल्याणपर्यंत आणून जोडला गेला आहे. युसेबियसने लिहिले आहे की दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पँटिनस हा अलेक्झांड्रियाचा शिक्षक हिंदुस्थानात गेला, तेव्हा बर्थलमयाने मागे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तिथे आढळले. त्यावरून विसाव्या शतकातल्या काही ख्रिस्ती इतिहासकारांनी बर्थलमयाचे कार्य कोकणपट्टीवर, कल्याणच्या परिसरात झाले असा तर्क मांडला. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्लियाना येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि ते कल्याणच असण्याचा संभव मोठा आहे. पण सहाव्या शतकातला बिशप पहिल्या शतकातल्या प्रेषिताला जामीन राहू शकत नाही. शिवाय बर्थलमयाचा मृत्यू सर्वाधिक प्रचलित परंपरेप्रमाणे आर्मेनियात झाला. कुठे त्याची कातडी सोलली, कुठे शिरच्छेद झाला, कुठे सुळावर दिले.

हा तपास शत्रूंनीच केला असे नाही. शॉन मॅकडॉवेल हे अमेरिकेतले ख्रिस्ती धर्मसमर्थक. त्यांचे वडील जॉश यांचे पुराव्यांवरचे १९७२ चे पुस्तक लाखोंनी वाचले. मुलाने २०१५ मध्ये प्रेषितांच्या मृत्यूंवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि एकेकाची खात्री किती ते तोलून सांगितले. पेत्र, पौल, जब्दीचा मुलगा याकोब आणि येशूचा भाऊ याकोब यांच्याविषयी त्यांची खात्री पक्की. थोमा आणि अंद्रिया यांच्याविषयी ती निम्म्याहून थोडी वर. उरलेल्या बहुतेकांविषयी असेलही, नसेलही. योहान तर हुतात्मा झाला नसावा. प्रत्येक प्रेषित मारला गेला असे म्हणता येत नाही, मरायची तयारी होती एवढे म्हणता येते, हा त्यांचा निष्कर्ष. ही प्रामाणिक माघार आहे आणि मला ती आवडते. मात्र बाजू मांडणाऱ्या बऱ्याच पुस्तकांत अजून बारांपैकी अकरा रक्तसाक्षी झाल्याचा हिशेब चालूच असतो.

तिसरी अट, माघारीची संधी. इ. स. ६४ मध्ये रोम जळाले आणि नीरोने ख्रिस्ती लोकांवर खापर फोडले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. तिथे आरोप आग लावल्याचा होता. मी ख्रिस्ती नाही म्हटल्याने आगलावेपणाचा गुन्हा कसा धुतला जाणार? पेत्र आणि पौल त्याच धामधुमीत गेले असतील, तर त्यांनी काय कबूल केले आणि काय नाकारले याला काही अर्थच उरत नाही. २०१५ मध्ये ब्रेंट शॉ या इतिहासकाराने तर नीरोने ख्रिस्ती म्हणून कोणाला वेचून मारलेच नाही असे मांडले. इतर अभ्यासकांनी त्यांना सविस्तर उत्तरे दिली, आणि मला टॅसिटसला इतके सहज खोटे ठरवणे पटत नाही. पण खटला कोणत्या कलमाखाली चालला हा प्रश्न शॉ चुकले तरी राहतोच.

संधी दिल्याचा पहिला लखलखीत पुरावा प्लिनीच्या इ. स. ११२ च्या सुमाराच्या पत्रात मिळतो. तो आरोपीला तीनदा विचारतो, शिक्षेची धमकी देतो, जो ऐकत नाही त्याला मृत्युदंड फर्मावतो. जो देवांना धूप-मद्य वाहतो आणि ख्रिस्ताला शिव्या देतो त्याला सोडतो. ट्राजन सम्राटाने ही पद्धत मान्य केली: हुडकून काढू नका, निनावी तक्रार घेऊ नका, माघार घेईल त्याला माफी. पुढच्या दोन शतकांतले बहुतेक खटले याच वळणाचे. १८० साली कार्थेजमध्ये स्किली गावच्या बारा जणांना प्रांताधिकाऱ्याने विचार करायला तीस दिवस देऊ केले. त्यांनी ते नाकारले. इथे माघार खरोखर शक्य होती आणि ती घेतली गेली नाही.

पण ही माणसे कोण? येशूच्या मृत्यूनंतर ऐंशी, दीडशे, पावणेदोनशे वर्षांनी जन्मलेली किंवा जगलेली. सगळा पेच इथे आहे. ज्यांनी पाहिले म्हणतात, ते कसे आणि का मेले हे आपल्याला धड माहीत नाही. ज्यांचे मरण आपल्याला तारखेसकट, प्रश्नोत्तरांसकट माहीत आहे, त्यांनी काहीच पाहिले नव्हते. स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प इ. स. १५५ च्या आसपास मारला गेला. तो त्यातल्या त्यात जवळचा, कारण प्रभूला पाहिलेल्यांशी तो बोलला होता असे इरेनियस सांगतो. म्हणजे त्याची साक्षही ऐकीवच.

परपेतुआचे उदाहरण घ्यावे. कार्थेजची, साधारण बावीस वर्षांची, अंगावर पिते मूल असलेली. अटक झाली तेव्हा तिचा बाप्तिस्माही झाला नव्हता. तो कैदेत असताना झाला. ७ मार्च २०३ रोजी ती आखाड्यात मारली गेली. तिची म्हणून जी तुरुंगातली रोजनिशी आपल्यापर्यंत आली, ती बहुतेक अभ्यासक खरी मानतात, आणि प्राचीन काळातल्या स्त्रीच्या हातचे इतके लांब गद्य फार थोडे उरले आहे. त्यात पुनरुत्थानाचा पुरावा हा विषयच नाही. म्हातारा बाप पायाशी लोळण घेतो, मुलाकडे बघ म्हणतो; हिलेरियानस हा अधिकारीही बापाच्या पिकल्या केसांची दया कर म्हणतो. तिला स्वप्ने पडतात: वर जाणारी शिडी, तिच्या पायथ्याशी अजगर, लहानपणी वारलेला भाऊ पाणी पिताना, स्वतः पुरुष होऊन आखाड्यात कुस्ती जिंकणे. ती कशासाठी मेली? मी आहे ते नाव बदलणार नाही, यासाठी. ही साक्ष तिच्या निष्ठेची आहे आणि त्या निष्ठेवर कोणी शंका घेऊ नये. पण दोन शतकांपूर्वी यरुशलेमच्या एका कबरीत काय घडले याची ती साक्षीदार नव्हती, आणि तसा तिचा दावाही नव्हता.

संख्येचा वाद मी थोडक्यात उरकतो, कारण त्याने मूळ प्रश्नाला फारसा फरक पडत नाही. १६८४ मध्ये हेन्री डॉडवेलने हुतात्मे थोडे होते असा निबंध लिहिला. पाच वर्षांत फ्रेंच बेनेडिक्टाइन साधू रुईनारने अस्सल वृत्तांतांचा संग्रह छापून उत्तर दिले. इतिहासकार गिबनने डायोक्लिशन सम्राटाच्या छळातले बळी दोन हजारांच्या आत बसवले. मजा अशी की डॉडवेलचा मोठा आधार ओरिजेनच होता: धर्मासाठी मेलेले थोडे आणि सहज मोजता येण्यासारखे आहेत, असे तो लिहून गेला होता. २०१३ मध्ये कँडिडा मॉस यांनी छळाची परंपरागत कथा बरीचशी मागाहून रचलेली आहे असे मांडले. वृत्तांतांविषयी त्यांचे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे, पण भीतीच्या छायेत राहणे म्हणजे काय याचा हिशेब मृतांच्या आकड्यात मावत नाही.

त्यापेक्षा एक अडचणीचा मुद्दा जास्त बोलका आहे. मरणाऱ्याचे मरण जर पुराव्यात धरायचे, तर माघार घेणाऱ्याची माघारही धरली पाहिजे. प्लिनीसमोर काही जण म्हणाले की आम्ही कधीकाळी ख्रिस्ती होतो, सोडून दिले; कोणी तीन वर्षांपूर्वी, कोणी वीस. २५० मध्ये डेशियस सम्राटाने सगळ्यांना देवांना बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला. बळी दिल्याचे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर चाळीसहून अधिक सापडले आहेत. कार्थेजचा बिशप सिप्रियन हळहळून लिहितो की अधिकाऱ्यांनी बोलावण्याआधीच आपली माणसे रांगा लावून गेली. पॉलिकार्पच्या वृत्तांतातही फ्रिजियाचा क्विंटस आहे: स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही भरीस घातले, आणि श्वापदे पाहून फिरला. पतित झालेल्यांना परत घ्यायचे का, यावर मंडळी फुटली. ही गळती धर्म खोटा ठरवत नाही, ते मान्य. छळाखाली माणूस कुठे मोडेल हे त्याच्या शरीरावर अवलंबून असते. मग तेच कारण न मोडणाऱ्याच्या बाबतीत का लागू नये?

आणि रक्त सांडणारे एकाच बाजूचे नव्हते. चर्चने पाखंडी ठरवलेले मार्शनच्या पंथाचे, माँटेनसच्या पंथाचे लोकही त्याच आखाड्यांत मेले. स्मुर्ण्यालाच मार्शनपंथी मेत्रोदोरस जाळला गेला. माँटेनसवाद्यांविरुद्ध लिहिणारा एक लेखक, ज्याचा मजकूर युसेबियसने जपला आहे, तक्रार करतो की यांचे सगळे मुद्दे संपले की हे आपल्या हुतात्म्यांकडे धावतात. पण हुतात्मे आहेत म्हणून यांचे खरे कसे मानावे? पुढे उत्तर आफ्रिकेत चर्चमधून फुटलेल्या डोनॅटसपंथीयांनी आपले हुतात्मे मोजून दाखवले तेव्हा ऑगस्टिनने नियमच सांगितला: हुतात्मा शिक्षेने ठरत नाही, कारणाने ठरतो. नियम चोख आहे. पण त्याचा अर्थ असा की कारण खरे आहे हे आधी दुसरीकडून सिद्ध करायचे आणि मग मरणाला मान द्यायचा. मरणाने कारण सिद्ध होत नाही. नास्तिकांच्या दोन हजार पानांपेक्षा चर्चच्या या एका आचार्याचा नियम पेलीला अधिक जड जातो.

बाहेरची उदाहरणे निवडताना बहुतेक लेखक सोपी घेतात. अवघड उदाहरण अमेरिकेत आहे. जोसेफ स्मिथने आपल्याला मिळाल्याचे सांगितलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा ‘मॉर्मनचा ग्रंथ’ १८३० मध्ये निघाला. ते पत्रे आम्ही पाहिले, हाताळले, असे आठ जणांनी सहीनिशी लिहून दिले. त्यातला एक, हायरम स्मिथ, जोसेफचा भाऊ. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेज गावच्या तुरुंगावर जमाव चालून आला आणि दोघेही भाऊ मारले गेले. प्रत्यक्षदर्शी, नावानिशी, साक्ष कधी मागे न घेतलेला, मारला गेलेला. पेलीच्या अटी हायरम स्मिथ बहुतेक प्रेषितांपेक्षा चांगल्या पुऱ्या करतो. जमावाने त्याला माघारीची संधी दिली नाही म्हणाल, तर ती स्तेफनालाही दिली नव्हती. मॉर्मन नसलेला एकही ख्रिस्ती यावरून सोन्याचे पत्रे खरे मानत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

आपल्या किनाऱ्यावरही ही परीक्षा घडलेली आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू काजीपुढच्या धर्मवादानंतर मारले गेले. २५ जुलै १५८३ रोजी गोव्यात कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्यांच्यातला रोदोल्फो आक्वाविवा अकबराच्या दरबारात राहून आलेला. त्याआधी पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली होती आणि हे पाच जण चर्चसाठी जागा पाहायला आले होते. मग गावच्या गांवकारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले गेले. जेझुइटांना रोमने १८९३ मध्ये धन्यवादित ठरवले. गांवकारांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे आहे. दोन्हीकडची माणसे आपापल्या देवासाठी मेली असे दोन्हीकडचे म्हणतात. त्या दिवसांवरून कोणता देव खरा हे सांगू पाहणारा मला अजून भेटलेला नाही. जमिनी कोणाच्या, सत्ता कोणाची हे मात्र स्पष्ट वाचता येते. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांबरोबर सुळावर गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा संशय असा की मिशनऱ्यांमागून स्पेनचे सैन्य येते. त्याच देशात १६३३ मध्ये जेझुइटांचा प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरेरा खड्ड्यात उलटा टांगला गेल्यावर काही तासांत मोडला.

मग या मरणांत पुरावा म्हणून काहीच नाही का? आहे, पण तो एका विशिष्ट आरोपाविरुद्ध आहे. हँबुर्गच्या रायमारुसने लिहून ठेवलेले आणि लेसिंगने १७७८ मध्ये छापलेले टिपण म्हणत होते की शिष्यांनी प्रेत चोरले आणि पुनरुत्थानाची बातमी उठवली. पेली त्या काळातल्या या लबाडीच्या आरोपाला उत्तर देत होता, आणि उत्तर जबरदस्त होते. पौलाच्या पत्रांत त्याच्या स्वतःच्या शब्दांत पाचदा चाबकाचे एकूणचाळीस फटके, तीनदा छड्या, एकदा दगडमार यांची जंत्री आहे. जाणूनबुजून थाप मारणारा इतकी किंमत मोजत नाही. पण आज प्रेतचोरीचा सिद्धांत कोणी गंभीर अभ्यासक मांडत नाही. आजचा प्रश्न वेगळा: पौलाला काहीतरी दिसले हे मान्य, ते काय होते? पौल आपल्याला झालेले दर्शन इतरांच्या दर्शनांच्याच यादीत बसवतो. प्रामाणिक माणसाला दिसलेले नेमके काय होते, हे त्याच्या पाठीवरचे वळ सांगू शकत नाहीत. मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये दाखवले की बोलणारा आपल्या शब्दाची किंमत मोजताना दिसला की ऐकणाऱ्याची श्रद्धा वाढते. रॉडनी स्टार्क यांनी रोमच्या हुतात्म्यांविषयी असेच काही आधी सुचवले होते. यातून धर्म का पसरला ते कळते, खरा आहे का ते नाही.

समर्थकाच्या हातात मला एकच पत्ता खरोखर भारी वाटतो: येशूचा भाऊ याकोब. येशू जिवंत असताना भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असे योहान सांगतो, तर येशू याकोबाला दिसला असे पौल करिंथकरांस लिहितो. त्याच्या मृत्यूची बातमी ख्रिस्ती नसलेल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराने दिली आहे. इ. स. ६२ मध्ये रोमचा प्रांताधिकारी फेस्तस वारला, नवा अधिकारी आल्बिनस वाटेत होता, ती संधी साधून महायाजक अनानस याने याकोब आणि इतर काहींना न्यायसभेपुढे आणून दगडमार करवला. पाहणारा माणूस, नाव, साल, शत्रू, सगळे आहे. शंभरेक वर्षांनी ख्रिस्ती लेखक हेगेसिप्पस त्यात मंदिराचे शिखर, येशूला नाकारण्याची मागणी आणि धोब्याचे दांडके घालतो, आणि समर्थक तीच आवृत्ती सांगतात कारण तिच्यात तिसरी अट पुरी होते. जोसेफसच्या मजकुरात आरोप नियमशास्त्र मोडल्याचा आहे. पुनरुत्थानाचा उल्लेख नाही, माघारीचाही नाही. आणि या हत्येवर पहिली हरकत घेतली ती यरुशलेममधल्या नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या यहुद्यांनी. ते येशूचे अनुयायी होते असे जोसेफस कुठेही सुचवत नाही. अनानसने अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून सभा भरवली, ही तक्रार घेऊन त्यांच्यातले काही आल्बिनसला वाटेतच गाठायला गेले, आणि अनानसचे महायाजकपद तीन महिन्यांत गेले.